ताम्हिणीच्या आधी

सकाळी ७.१५. वारज्यातल्या गॅरेजचं शटर अर्धंच वर गेलंय. आत ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅरॅव्हॅन उभी आहे. शनिवारी पहाटे ती ताम्हिणी उतरून दिवेआगरला जाणार. मुलंबाळं धरून सहा माणसं, शिवाय आजी. मिस्त्री पहिल्यांदा हवा मोजतो. गाडी पळाली की टायर तापतात, आकडा चढतो. खरा आकडा थंड टायरचा.

७.४०. मागच्या चाकाशी उकिडवा बसून तो टॉर्च मारतो. नक्षी नव्यासारखी. पण कडेला 'डीओटी'च्या ओळीत शेवटचे चार आकडे आहेत १४१८. म्हणजे २०१८चा चौदावा आठवडा. अंगठ्याने रबर दाबलं की बारीक भेगा उघडतात. या गाड्या वर्षातला बराच काळ उन्हात उभ्याच असतात. नक्षी झिजत नाही, रबर मरतं. मालकांना फोन जातो.

"साहेब, चारही बदलावे लागतील."

"आत्ताच? पुढच्या महिन्यात बघू की."

"घाट शनिवारी आहे."

९.००. चहा, वडापाव. पोऱ्याला रोज ५०० रुपये, नाश्ता गॅरेजचा.

९.२०. ब्रेक ऑइल. टाकीतलं तेल कोऱ्या चहासारखं काळपट झालंय. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, पाण्याची वाफ होते आणि पाय नुसता आत जातो. म्हणून सगळं काढायचं. पोऱ्या सीटवर, मिस्त्री गाडीखाली गोणपाटावर. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत.

"पंप मार. मार. धर!"

पाना पाव फेरा फिरतो. नळीतून काळं तेल, मधे बुडबुडे. निपल बंद.

"सोड."

आधी सोडलं तर हवा परत आत. चार चाकं, प्रत्येकाला हेच, नळीत स्वच्छ पिवळसर तेल येईपर्यंत. पोऱ्याची पोटरी भरून येते, तो पाय बदलतो. वरून शिव्या नाहीत, खालूनही नाहीत. दोन बाटल्या, ५६० रुपये. सगळ्या दिवसात मला हेच काम सर्वांत मोठं वाटलं, आणि गाडीत बसणाऱ्या कुणालाच ते दिसणार नाही.

दुपारी १.००. पत्रा तापलाय. ओट्याखालच्या कपाटात पाच किलोचा सिलिंडर. तळाशी जाळी आहे, तिच्यात कुणीतरी जुना टॉवेल कोंबलाय, धूळ येऊ नये म्हणून. मिस्त्री तो उपसून बाहेर फेकतो. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खालीच साचतो, बाहेर पडायला वाट हीच. मग वाटीत साबणाचा फेस, ब्रशने प्रत्येक जोडावर. रेग्युलेटरपाशी एक फुगा वाढतो, फुटतो, पुन्हा वाढतो. नळी नवी. चालत्या गाडीत सिलिंडर बंद, हे तो मार्करने कपाटाच्या दारावर लिहितो.

३.३०. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, कूलंट, वायपर. अग्निशामकाचा काटा हिरव्यात.

संध्याकाळी ६.४५. मालक येतात. मजुरी २,५०० रुपये, सामान वेगळं. टायर उद्या सकाळी.

"पाण्याची टाकी फुल्ल करू ना? १२० लिटरची आहे."

"१२० लिटर म्हणजे १२० किलो, साहेब. अर्धी भरा. उरलेलं माणगावला घ्या."

मग तो चाकाचा पाना त्यांच्या हातात देतो. टायर नवे बसले की नट थोडे सैलावतात. शनिवारी पौडला थांबायचं, घाटाच्या अलीकडेच, आणि सगळे आवळून बघायचे. मालक पाना उलटसुलट करून पाहतात.

"दाखवा एकदा."

मिस्त्री पुन्हा चाकाशी बसतो.