जखम पापणीवर, काडी खोबणीत

डोळ्यात धुळीचा कण जाणे हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. स्वच्छ पाण्याने डोळा धुतला की बहुधा आराम पडतो. प्रस्तुत लेखाचा विषय याहून निराळा आणि पुष्कळ गंभीर आहे. काडी, काटा, बांबूची कामटी, काचेचा तुकडा किंवा छर्रा कधी कधी नेत्रगोलाला चुकवून पापणीतून थेट डोळ्याच्या खोबणीत शिरतो आणि तेथेच रुतून बसतो. बाहेरून दिसते ती गव्हाच्या दाण्याएवढी जखम. तिला एखादा टाका पडतो, काही दिवसांत सूज ओसरते आणि संकट टळले असे घरच्यांना वाटते. आत राहिलेली काडी मात्र काही आठवड्यांनी पुवाच्या रूपाने आपले अस्तित्व दाखवते.

खोबणीची घडण

डोळ्याची खोबण, म्हणजे नेत्रकोटर, ही सात हाडांच्या जुळणीतून झालेली शंकूसारखी पोकळी आहे. तिचे तोंड पुढे आणि निमुळते टोक मागे असते. प्रौढ व्यक्तीत तिची खोली साधारण ४ ते ४.५ सेंटिमीटर आणि आकारमान सुमारे ३० मिलिलिटर असते. यातील जेमतेम ७ मिलिलिटर जागा नेत्रगोल व्यापतो. उरलेल्या जागेत डोळा फिरवणारे स्नायू, रक्तवाहिन्या, दृष्टीची संवेदना मेंदूकडे नेणारी नस आणि या सर्वांना आधार देणारी मऊ चरबी असते. या चरबीत दोन-तीन सेंटिमीटर लांबीची काडी सहज दडून राहू शकते.

खोबणीच्या भिंतीही फार भक्कम नाहीत. नाकाकडील भिंत कागदासारखी पातळ असून तिच्या पलीकडे नाकाशी जोडलेल्या हवेच्या पोकळ्या आहेत. छताचे हाडही पातळ असते आणि त्याच्या वर मेंदूचा पुढचा भाग असतो. म्हणूनच वरच्या पापणीतून वरच्या दिशेने घुसलेली टोकदार वस्तू मेंदूपर्यंत पोहोचू शकते. बाहेरची जखम लहान आहे, यावरून आतल्या इजेचा अंदाज बांधता येत नाही.

हकिकत हीच पहिली तपासणी

विटीदांडू, दसऱ्याच्या सुमारास मुलांच्या हाती येणारे धनुष्यबाण, हातात पेन्सिल किंवा अगरबत्तीची काडी धरून धावताना पडणे, शेतातील पऱ्हाटी किंवा ज्वारीचे धसकट, बाभळीचा काटा, छऱ्याची बंदूक, छिन्नी-हातोड्याचे काम, वाहनाची फुटलेली काच या सर्वांमुळे अशी दुखापत होऊ शकते. प्रौढ माणूस काय लागले ते सांगतो. मूल मात्र रागावतील या भीतीने पुष्कळदा ‘पडलो’ एवढेच सांगते. डॉक्टरही मग पडल्याची जखम म्हणून तिच्याकडे पाहतात. म्हणून पालकांनी मुलाला न दटावता, शांतपणे विचारावे: हातात काय होते? कशावर पडलास? काडी अख्खी होती की तुटली? सोबतच्या मुलांनाही विचारावे. तुटलेल्या काडीचा उरलेला भाग सापडला तर तो रुग्णालयात अवश्य न्यावा. आत काय आहे आणि ते केवढे असू शकेल, याचा तो उत्तम पुरावा असतो.

पुढील लक्षणे दिसल्यास जखम कितीही किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे: दृष्टी मंद होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, डोळा एखाद्या दिशेला न वळणे, डोळा पुढे आलेला किंवा सरकलेला दिसणे, पापणी न उचलणे, वारंवार उलट्या होणे किंवा गुंगी येणे. भरलेली जखम पुनःपुन्हा उघडून तिच्यातून पू येत असेल, तर आत काही राहिले आहे असा संशय घेतलाच पाहिजे.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत

रुतलेली वस्तू बाहेर दिसत असली तरी ती ओढून काढू नये. ती काढताना तुटण्याची, रक्तस्राव होण्याची आणि नेत्रगोलाला इजा होण्याची भीती असते. डोळा चोळू नये, दाबू नये, जखम खोल असल्याचा संशय असेल तर धुऊही नये. घट्ट पट्टी बांधू नये. कागदी पेला डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकवून चिकटपट्टीने अलगद बसवावा, म्हणजे डोळ्यावर दाब पडत नाही. मध, तूप, गुलाबपाणी, आईचे दूध किंवा घरात पडलेले मलम घालू नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने वाटेत खायला-प्यायला देऊ नये. रुग्णाला नाक शिंकरू देऊ नये.

निदान कसे होते?

नेत्रतज्ज्ञ प्रथम प्रत्येक डोळ्याची दृष्टी, बाहुलीचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद आणि डोळ्याच्या हालचाली पाहतात. नेत्रगोल फुटलेला नाही ना, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे असते. त्यानंतर बारीक छेदांचा सीटी स्कॅन केला जातो. धातू आणि काच त्यात सहसा स्पष्ट दिसतात. अडचण येते ती लाकडाची. सुक्या लाकडात हवा कोंडलेली असते. त्यामुळे सीटी स्कॅनमध्ये ते हवेसारखे काळे दिसते आणि जखमेतून शिरलेली हवा समजून दुर्लक्षिले जाऊ शकते. ओलावा शोषल्यावर त्याचे रूप बदलते आणि ते आजूबाजूच्या ऊतींत मिसळल्यासारखे वाटते. ‘काडी लागली आहे’ ही माहिती आधी मिळालेली असेल, तर तपासणारा डॉक्टर त्या काळ्या सावलीची सरळ कडा मुद्दाम शोधतो. संशय उरल्यास एमआरआयचा उपयोग होतो. परंतु आत लोखंड नाही याची खात्री झाल्याखेरीज तो करीत नाहीत, कारण चुंबकाच्या ओढीने तो तुकडा सरकून नवी इजा होऊ शकते.

काढायचे की राहू द्यायचे?

उपचार ठरतो तो वस्तूच्या जातीवर आणि जागेवर. लाकूड, काटा यांसारख्या वनस्पतिजन्य वस्तू जंतूंना आश्रय देतात. त्यांच्यामुळे खोबणीत पू होतो, कधी तो मेंदूच्या आवरणापर्यंतही पोहोचतो. म्हणून त्या शोधून संपूर्ण काढाव्या लागतात. लाकूड ठिसूळ असल्याने मागे तुकडा राहू नये याची विशेष दक्षता घेतली जाते. तांब्याच्या तुकड्यामुळे तीव्र दाह होतो, तोही काढणे इष्ट असते. गरजेनुसार नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि मेंदू-शल्यचिकित्सक यांचे साहाय्य घेतले जाते. प्रतिजैविके आणि धनुर्वाताची लस यांचा निर्णय डॉक्टर जखम पाहून करतात.

खोबणीत अगदी मागे, दृष्टीच्या नसेजवळ बसलेला गुळगुळीत छर्रा किंवा काचेचा लहान तुकडा काही त्रास देत नसेल, तर तो तेथेच राहू देण्याचा सल्ला दिला जातो. ‘छर्रा आत ठेवून घरी कसे पाठवले?’ असा प्रश्न नातेवाइकांना पडणे साहजिक आहे. परंतु तो काढण्याच्या प्रयत्नात शाबूत दृष्टी जाण्याचा धोका अधिक असतो. अशा रुग्णाने ठरलेल्या वेळी तपासणी करून घ्यावी, स्कॅनचे कागद जपून ठेवावेत आणि पुढे कोणत्याही कारणासाठी एमआरआय सुचवला गेल्यास आत धातू असल्याचे आधी सांगावे. दृष्टी किती परत येईल, हे मुख्यतः आघाताच्या क्षणी नसेला आणि नेत्रगोलाला झालेल्या इजेवर अवलंबून असते. नंतर होणारा जंतुसंसर्ग मात्र वेळीच केलेल्या निदानाने बव्हंशी टाळता येतो.

मुलांचे खेळ बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. बाणाचे टोक बोथट असावे, विटी टोलवताना बघ्यांनी दूर उभे राहावे, काडी किंवा पेन्सिल हातात घेऊन धावू नये आणि छिन्नी चालवताना संरक्षक चष्मा घालावा, इतकी शिस्त घरोघरी सहज लावता येईल. त्याहून मोलाचे म्हणजे, लागले तर खरे सांगितल्याबद्दल मार बसणार नाही, एवढा विश्वास मुलाला घरात वाटला पाहिजे. पुष्कळदा त्या एका वाक्यावरच डॉक्टरांचे निदान आणि मुलाचा डोळा अवलंबून असतो.