घराचा बांध ओळखताना



गटातली एखादी बाई दोन-तीन बैठकांना आली नाही, की आपण तिच्या घरी जातो. ओटीवर चहा घेतो आणि सासू, दीर, मुलं सगळ्यांसमोरच विचारतो, "काय गं, काही त्रास आहे का?" ती म्हणते, "नाही बाई, सगळं बरं आहे." आपण निश्चिंत होऊन परत येतो. पण त्या सगळ्यांसमोर ती दुसरं काय सांगणार?

समाजकार्य शिकलेल्या कार्यकर्त्या सल्ला देण्याआधी घर पाहतात. भिंती नव्हे, माणसं. कोण कोणाशी थेट बोलतं? पैसा कोणाच्या हाती असतो? कोण आत आलं की बाकीचे गप्प होतात? साल्वाडोर मिनुशिन या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या गरीब कुटुंबांबरोबर काम केलं आणि १९७४ साली कुटुंबांवर एक पुस्तक लिहिलं. घरातल्या माणसांमध्ये न दिसणाऱ्या सीमा असतात, असं ते सांगत. आपण त्यांना शेताचा बांध म्हणू.

काही घरांत बांध फार उंच असतो. पाणी तुंबतं, पीक कुजतं. लेकरू चार दिवस तापाने फणफणलं तरी बापाला पत्ता नसतो. काही घरांत बांध फुटलेला असतो. सुनेची पेटी, फोन, मजुरीचे पैसे, काहीच तिचं स्वतःचं राहत नाही. चांगला बांध माती धरून ठेवतो आणि जास्तीच्या पाण्याला सांडव्यातून वाट देतो. अशा घरात माया असते आणि प्रत्येकाला आपली जागाही असते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायकोचा अबोला आहे. तेरा वर्षांची लेक निरोप पोचवते. "बाबांना सांग, तेल संपलंय." "आईला सांग, माझ्याकडे मागू नको म्हणावं." दोघांचाही राग तीच झेलते. हळूहळू तिची शाळा बुडू लागते. आपण तिला "अभ्यास कर" म्हणून काय होणार? तिच्या खांद्यावर मोठ्यांचं ओझं आहे. आधी ते उतरवायला हवं. आईबापांनी निदान घरखर्चाचं तरी एकमेकांशी थेट बोलावं, ही तिथली पहिली पायरी.

मात्र एक चूक करू नका. आजी नातवंडं सांभाळते, जावा एका चुलीवर स्वयंपाक करतात, हा काही दोष नव्हे. एकत्र घराची रीत वेगळी असते. तीन गोष्टी तपासा. कोणाचं जेवण, झोप, औषध किंवा शाळा यामुळे सुटते का? तिला न घाबरता "नाही" म्हणता येतं का? अडचणीत कोणाकडे जाता येतं?

तिसऱ्या प्रश्नासाठी एक सोपी रीत आहे. ॲन हार्टमन या समाजकार्याच्या शिक्षिकेने ती १९७५ च्या सुमारास रुळवली. खडूने एक गोल काढा, ते तिचं घर. भोवती माहेर, शाळा, दवाखाना, शेजार, गट असे गोल काढा. जिथे आधार भक्कम, तिथे जाड रेघ. जिथे नातं तुटक, तिथे तुटक रेघ. जिथे ताण, तिथे आडव्या खुणांची रेघ. एकटी बाई किती एकटी आहे, ते एका नजरेत कळतं. काम झालं की खडू पुसून टाका.

बांध आपल्यालाही हवा. तिचं बोलणं एकांतात ऐका, पाणवठ्यावर सांगू नका. सासूचा निरोप सुनेला आणि सुनेचा सासूला नेऊ नका. तसं केलंत, तर त्या लेकीच्या जागी तुम्ही जाऊन बसाल.

आणि जिथे मारहाण आहे, धमकी आहे, तिथे बांधाची भाषा बाजूला ठेवा. तिथे समेट घडवायला बसू नका, नवऱ्याला जाबही विचारू नका. तुम्ही परतल्यावर मार तिलाच बसेल. तिला काय हवं ते तिलाच विचारा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी मदत करतात. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे क्रमांक तिला पाठ करायला सांगा. लिहून दिलेला कागद घरात सापडू शकतो.

पुढच्या वेळी तिच्या घरी जाल, तेव्हा ओटीवर प्रश्न विचारू नका. "चल, शेताकडे जाऊन येऊ" म्हणा. वाटेने चालताना ती आपणहून बोलेल. तिची घाई करू नका.