लहरींवरील सभा आणि नवखा सभासद

सभा म्हटली कीं मंडप, सतरंज्या, टेबलावरचा पाण्याचा तांब्या आणि अध्यक्षांच्या गळ्यांतील हार हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु यांपैकीं कांहींच नसलेली एक सभा अष्टौप्रहर आपल्या डोक्यावरून चाललेली असते. तिच्यांत पुण्याचा वकील कोचीनच्या शिक्षकाशीं बोलतो, नाशिकचा विद्यार्थी जपानांतील एखाद्या वृद्ध गृहस्थास आपल्या गांवचें हवामान सांगतो, आणि बोलणाऱ्यांनीं बहुधा एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नसतें. हौशी बिनतारी संभाषकांची ही सभा होय. इंग्रजींत या मंडळींस ‘हॅम’ असें चेष्टेचें नांव पडलें, आणि तें त्यांनीं हौसेनें धारण केलें. या सभेंत नव्यानें शिरूं पाहणाऱ्यास यंत्रविद्या अवश्य पाहिजे. परंतु तिच्याइतकीच दुसऱ्या एका गुणाची गरज लागते. तो गुण कोणता, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम या सभेची जागा तिला कशी मिळाली तें पाहणें मनोरंजक आहे. १९१२ सालीं अमेरिकेंत झालेल्या कायद्यानें हौशी लोकांस २०० मीटर व त्याहून आंखूड लहरी देण्यांत आल्या. त्या काळच्या जाणत्यांच्या मतें दूर पल्ल्याच्या कामास या लहरी निरुपयोगी होत्या. म्हणजे गांवानें पडीक म्हणून टाकलेली जमीन एखाद्या उपद्व्यापी मुलास खेळावयास द्यावी, तसाच हा प्रकार झाला. परंतु मुलांनीं त्या जमिनींत पीक काढलें! डिसेंबर १९२१ मध्यें अमेरिकेंतील हौशी मंडळींचे संकेत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकूं आले, आणि नोव्हेंबर १९२३ मध्यें सुमारें ११० मीटरच्या लहरीवर अमेरिका व फ्रान्स यांच्या दरम्यान हौशी लोकांचें दुतर्फा संभाषण झालें. आंखूड लहरी थोड्या शक्तीनें पृथ्वीच्या दूरच्या टोंकास जातात हें सिद्ध होतांच जगांतील मोठमोठीं ध्वनिक्षेपण केंद्रें त्याच वाटेनें गेलीं. १८ एप्रिल १९२५ रोजीं पॅरिस येथें हौशी मंडळींचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. तेव्हांपासून या सभेचे पुष्कळसे शिष्टाचार सभासदांनीं आपणच घातले आणि आपणच पाळले.

सभेचें दार उघडें असलें तरी त्यास उंबरठा आहे. हिंदुस्थानांत केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याचा परवाना मिळाल्यावांचून कोणासही बोलतां येत नाहीं. आणि परवान्यासाठीं परीक्षा द्यावी लागते. विजेचें व बिनतारी यंत्राचें प्राथमिक ज्ञान आणि संभाषणाचे नियम, इतका तिचा मुख्य विषय. वयाचीं बारा वर्षें पूर्ण झालेल्या मुलासही ती देतां येते. उत्तीर्ण झालेल्यास परवान्याबरोबर एक ‘कॉल साइन’, म्हणजे हाकेचें नांव, मिळतें. आपल्या देशांतील हीं नांवें सामान्यतः ‘व्ही यू’ या अक्षरांनीं सुरू होतात, आणि सर्व जगांत एक नांव एकाच केंद्राचें असतें.

या हाकेच्या नांवाचें महत्त्व नवख्याच्या चटकन् ध्यानांत येत नाहीं. संभाषणाच्या आरंभीं व शेवटीं, आणि तें लांबल्यास मधूनमधून, तें उच्चारावेंच लागतें. तोंड दिसत नाहीं म्हणून वाटेल तें बोलावें आणि नामानिराळें व्हावें, अशी सोय येथें नाहीं. उलटपक्षीं, हाकेच्या नांवापुढें दुसरी कोणतीही पदवी टिकत नाहीं. जॉर्डनचे राजे हुसेन हे या सभेचे सभासद होते. ‘जे वाय १’ हें त्यांचें हाकेचें नांव. लहरीवर आले कीं ते आपलें नांव नुसतें हुसेन असें सांगत. वीस वर्षांच्या पोरासही येथें ‘ओल्ड मॅन’, म्हणजे म्हातारबा, या अर्थीं ‘ओ एम’ म्हणून संबोधितात. आणि खरोखरीच्या म्हातारबांसही तेंच! सभेंत लहानथोर असा भेद ठेवावयाचा नाहीं, हें शिकविण्याची ही एक विनोदी रीत आहे.

आतां प्रत्यक्ष प्रवेशाचा विचार करूं. आपल्या परंपरेंत श्रवण, मनन व निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे. बिनतारी सभेंतही पहिलें स्थान श्रवणासच आहे. परवाना हातीं येण्यापूर्वींचे कांहीं आठवडे, आणि तो आल्यानंतरचेही कांहीं दिवस, नवख्यानें केवळ ऐकण्यांत घालवावे. साध्या घरगुती रेडिओवर हें बोलणें लागलें तर बदकानें बोलावें तसा आवाज येतो. कारण शक्ति वांचविण्यासाठीं हौशी मंडळी लहरीची एकच बाजू पाठवितात, आणि ती उलगडण्याची सोय असलेलें ग्राहकयंत्र त्यासाठीं लागतें. ४० मीटरच्या लहरीसाठीं सुमारें २० मीटर लांबीची तांब्याची तार, मधोमध तोडून दोन समान भाग केलेली, गच्चीवर उंच ताणून बांधली कीं आरंभापुरती सोय झाली.

ऐकतां ऐकतां वेळेचें भान येतें. सूर्याच्या तेजामुळें वातावरणाच्या वरच्या भागांत विद्युद्भारित थर तयार होतात. लहरी त्यांवरून परतून पुनः जमिनीवर येतात. दिवसा अगदीं खालचा थर लांब लहरी गिळून टाकतो, म्हणून ४० मीटरच्या लहरीवर भर दुपारीं कांहींशें किलोमीटरांच्या टापूंतच बोलणें चालतें. सूर्य मावळला कीं तो थर विरतो, आणि त्याच लहरीवर हजारों किलोमीटरांवरचे आवाज ऐकूं येऊं लागतात. २० मीटरच्या लहरीचा प्रकार बहुतांशीं याच्या उलट. तिचें राज्य दिवसाचें. कोणाशीं बोलावयाचें याबरोबरच केव्हां बोलावयाचें, हेंही येथें आकाशच ठरवीत असतें. वळवाच्या दिवसांत ढगांत वीज खेळूं लागली कीं तिच्या कडकडाटानें सगळी सभा बधिर होते. त्या वेळीं यंत्र बंद करून तार सोडवून ठेवणें हेंच शहाणपण.

ऐकून तयारी झाली म्हणजे बोलण्याची पाळी येते. लहर रिकामी वाटली तरी ती तशी असेलच असें नव्हे. दोघे बोलत असतां त्यांतील एकाचाच आवाज आपणांपर्यंत पोंचत असेल, आणि न पोंचणारा सभासद नेमका त्या क्षणीं बोलत असेल, तर आपणांस केवळ शांतता भासते. म्हणून प्रथम ‘ही लहर कोणी वापरीत आहे काय?’ असें विचारावें, आपलें हाकेचें नांव सांगावें आणि थांबावें. उत्तर न आल्यास पुनः एकदां विचारावें. मग ‘सी क्यू, सी क्यू’ अशी सर्वांस उद्देशून हांक घालावी, नांव दोनतीनदां स्पष्ट उच्चारावें, आणि पुनः थांबून ऐकावें. आवाजांत अक्षरांचा घोटाळा होतो. बी, डी, पी, टी हीं खरखरींत सारखींच वाटतात. यासाठीं प्रत्येक अक्षरास एक ठरलेला शब्द आहे. नाशिक हें नांव इंग्रजी अक्षरांनीं सांगावयाचें तर ‘नोव्हेंबर, आल्फा, सिएरा, हॉटेल, इंडिया, किलो’ असें सांगतात.

पहिल्या संभाषणांत फार सांगावयाचें नसतें. समोरच्याचा आवाज कसा ऐकूं येतो तें अंकांत कळवावें: स्पष्टतेस एक ते पांच, जोरास एक ते नऊ. येथें भिडेपोटीं सर्वांस ‘पांच-नऊ’ देऊन टाकण्याची खोड पुष्कळांस असते. तीन वेळां विचारूनही ज्याचें नांव कळलें नाहीं त्यास पूर्ण गुण देणें म्हणजे त्याची फसवणूक होय. त्याच्या तारेंत दोष असेल तर तो त्यास कधींच कळावयाचा नाहीं. त्यानंतर आपलें नांव, गांव, यंत्राची थोडी माहिती, आणि शेवटीं ‘७३’ हा अंक. जुन्या तारमास्तरांच्या काळापासून चालत आलेल्या या अंकाचा अर्थ ‘सप्रेम नमस्कार’ इतकाच आहे. व्यापारधंद्याचे निरोप, गाणींबजावणीं आणि गुप्त भाषा यांस येथें मज्जाव आहे. आणि धर्म व राजकारण यांवरील वादही जाणते सभासद टाळतात.

कांहीं ठराविक वेळीं पुष्कळ सभासद एकाच लहरीवर जमतात; त्या मेळाव्यास ‘नेट’ म्हणतात. तेथें त्या वेळेपुरता एक नियंत्रक असतो. नवख्यानें त्याची विचारणा होईपर्यंत थांबावें, मग केवळ हाकेचें नांव सांगावें आणि गप्प बसावें. नियंत्रक तें यादींत घेतो व पाळी आली म्हणजे बोलावतो. यादींत नांव नोंदवितांनाच सगळी हकीकत सुरू करणें, हा नवख्यांचा नेहमींचा प्रमाद. दुसरा प्रमाद म्हणजे आवाज पोंचत नाहीं असें वाटून यंत्राची शक्ति वाढवीत नेणें. वस्तुतः लहर अनुकूल असली तर घरांतील लहानशा विजेच्या दिव्यास लागते तेवढ्या, म्हणजे पांच वॅटच्या शक्तीनेंही समुद्रापार बोलतां येतें. आणि प्रतिकूल असली तर वाढविलेल्या शक्तीचा उपयोग शेजाऱ्यांस त्रास देण्यापलीकडे फारसा होत नाहीं.

परंतु सर्व कर्तव्यें नवख्याचींच आहेत असें मात्र नाहीं. कट्-कडाच्या सांकेतिक भाषेंत संभाषण चाललें असतां नवखा ‘क्यू आर एस’ हीं तीन अक्षरें पाठवूं शकतो. ‘जरा हळू’ असा त्यांचा अर्थ. तीं ऐकल्यावर कसलेल्या सभासदानें आपला वेग कमी करून नवख्याच्या चालीनें चालावें, हा या मंडळींचा जुना शिष्टाचार आहे. मंदगति माणसास मागें टाकून जाणें येथें कौशल्याचें लक्षण मानीत नाहींत. ज्या मंडळींत जुने लोक हा नियम विसरतात, तेथें नवे येत नाहींत, आणि ती मंडळी हळूहळू ओसाड पडते.

आतां शेवटचा, दिसण्यांत अगदीं क्षुल्लक असा नियम. समोरच्याचें बोलणें संपलें कीं लगेच बोलूं नये. दोनतीन सेकंद जाऊं द्यावे. नवख्यास ही शांतता फुकट गेल्यासारखी वाटते. परंतु बोलणाऱ्याचें यंत्र चालू असतें तोंवर त्यास दुसऱ्या कोणाचेंही ऐकूं येत नाहीं. एखाद्या दुबळ्या केंद्रास आंत यावयाचें असेल, कोणास तांतडीचा निरोप द्यावयाचा असेल, तर त्यास वाट एवढीच. दोन बोलण्यांमधील ती फट. दोघे गप्पिष्ट सभासद ती फट बुजवून बसले, तर तिसऱ्यानें कितीही टाहो फोडला तरी तो त्यांच्या कानीं पडणार नाहीं.

या फटीची खरी किंमत संकटकाळीं कळते. २६ जानेवारी २००१ रोजीं सकाळीं कच्छमध्यें भूकंप झाला आणि भूजची दूरध्वनिव्यवस्था कोलमडली. तेव्हां निरनिराळ्या ठिकाणचे हौशी सभासद आपापलीं यंत्रें घेऊन तेथें गेले, आणि मदतकार्याचे निरोप त्यांच्या लहरींवरून जाऊं लागले. डिसेंबर २००४ मध्यें अशाच मंडळींची एक तुकडी पोर्ट ब्लेअर येथें गेली होती. हेतु निव्वळ हौसेचा होता. अंदमानांतून पुष्कळ वर्षांत हौशी संभाषण झालेलें नव्हतें, तो दुर्मिळ योग जगांतील सभासदांस मिळवून द्यावयाचा होता. २६ डिसेंबर रोजीं समुद्र खवळून किनाऱ्यावर आला. बेटांचा बाहेरच्या जगाशीं असलेला नेहमींचा संबंध तुटला. आणि कालपर्यंत गमतीखातर चाललेलें तें केंद्र एकाएकीं हजारों कुटुंबांच्या आशेचें ठिकाण झालें. अमुक माणूस जिवंत आहे, एवढेच चार शब्द तेथून मुख्य भूमीवर पोंचत होते. पण त्या चार शब्दांसाठीं कोणाच्या तरी घरीं चूल पेटावयाची थांबलेली होती. अशा वेळीं इतर सभासदांकडून एकाच गोष्टीची अपेक्षा असते: त्यांनीं त्या लहरीवर बोलूं नये, नुसतें ऐकावें, आणि विचारलें तरच उत्तर द्यावें.

हें सामर्थ्य संकटाच्या दिवशीं एकाएकीं अंगीं येत नाहीं. रोजच्या साध्यासुध्या गप्पांत, हवापाणी आणि तारांची लांबी यांविषयीं बोलतांना, प्रत्येक वाक्यानंतर दोन सेकंद थांबण्याची जी संवय लागलेली असते, तीच त्या दिवशीं कामास येते. म्हणून या सभेंत पाऊल टाकणाऱ्या तरुणानें उत्तम यंत्र घ्यावें, परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण व्हावें. परंतु आपली पात्रता मात्र आपण किती दूर बोललों यावरून मोजूं नये. आपल्या बोलण्यांत आपण दुसऱ्यासाठीं किती जागा ठेविली, आणि त्या जागेंतून आलेला एखादा क्षीण आवाज आपणांस ऐकूं आला कीं नाहीं, यावरून ती मोजावी.