वारा अंगावर घेणारी

लेखांक ७

२२ मार्च २०२५ रोजी इटलीतल्या सानरेमो शहरात, व्हिया रोमा या रस्त्यावर, नेदरलँड्सच्या लोरेना वीबेसने सगळ्यांत आधी रेषा ओलांडली. तिचीच देशभगिनी मारियाना फोस दुसरी आली, स्वित्झर्लंडची नोएमी रूएग तिसरी. मिलान-सानरेमो या जुन्या सायकलशर्यतीच्या नावाने महिलांची शर्यत होत होती ती २००५ नंतर पहिल्यांदाच. जेनोआहून निघून १५६ किलोमीटर. निकालाच्या कागदावर एवढंच सापडतं.

कागदावर जे नाही ते शेवटच्या दोनेक किलोमीटरमध्ये घडलं. पोज्जिओची टेकडी चढून-उतरून सगळ्या सपाटीला लागल्या होत्या. घोळक्यात वीबेस अजून टिकून आहे हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ती रेषेपर्यंत सोबत आली तर बाकीच्यांना फार आशा नव्हती. इटलीच्या एलिसा लोंगो बोर्गिनीने म्हणूनच एकटीने मुसंडी मारली आणि अंतर पाडलं. अशा क्षणी मागच्या घोळक्यात एक विचित्र शांतता पसरते. पाठलाग व्हायला हवा, हे प्रत्येकीला पटलेलं असतं. तो दुसरीने करावा, हेही प्रत्येकीला पटलेलं असतं. त्या दिवशी तो केला वीबेसच्याच संघातल्या, बेल्जियमच्या लोट्टे कोपेकीने. तिच्या अंगात पांढरी, पाच रंगांच्या पट्ट्यांची जर्सी होती, म्हणजे ती चालू जगज्जेती. तिने घोळक्याच्या तोंडाशी येऊन सगळा वारा अंगावर घेतला, शेवटच्या काहीशे मीटरमध्ये लोंगो बोर्गिनीला गाठलं आणि कोपेकीच्या चाकामागून वीबेस बाहेर पडली.

मुंबई-पुणे शर्यतीमुळे ‘घाटाचा राजा’ हा किताब मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. घाटात कोण दमलं, कोण नाही, हे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कुणालाही कळतं. सपाटीवरचा खेळ मात्र लपलेला असतो, कारण तिथला प्रतिस्पर्धी दिसत नाही. तो म्हणजे हवा.

सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेलं की सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट. पुढच्या सायकलच्या मागे अगदी चिकटून राहिलं तर यातला मोठा वाटा वाचतो. घोळक्यात तर कमालच होते. आइंडहोवन विद्यापीठाचे बेर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास संगणकावर आणि वाताच्या बोगद्यात केला. घोळक्याच्या पोटात मागच्या बाजूला असलेल्यांना एकट्या सायकलपटूच्या तुलनेत जेमतेम पाच ते दहा टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे तोंडाशी असलेली बाई घाम गाळत असते तेव्हा आतली एखादी जवळपास फुकटात तोच वेग मिळवत असते. सायकलशर्यतीत संघ नावाची गोष्ट उभी राहते ती या फुकटेपणावर. कुणाला फुकट न्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणं हीच सगळी डावपेचांची मुळाक्षरं.

आता शेवटचा किलोमीटर जवळून पाहू. वेग ताशी साठच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. शेवटचे दोनशे मीटर बारा सेकंदांत संपतात. शरीराचा जो अगदी वरचा जोर असतो तोही साधारण तेवढाच वेळ पुरतो, म्हणून स्प्रिंटर त्याआधी वाऱ्यात आली की कामातून गेली. तिच्या पुढे संघातल्या दोघी-तिघी एकामागे एक लागलेल्या असतात. याला ‘लीड-आउट’ची गाडी म्हणतात. पहिली जीव तोडून ओढते आणि बाजूला होते, मग दुसरी. शेवटची, म्हणजे स्प्रिंटरच्या लगेच पुढची, ही या गाडीतली सगळ्यांत कुशल. तिने झटका देऊन वेग वाढवला तर मागे फट पडते आणि त्या फटीत परकी सायकल घुसते. वेग वाढला पाहिजे, पण मागचीला तो वाढतोय हे कळता कामा नये. नजर पुढे, कारण मागे वळून पाहायला फुरसत नसते. मागची अजून चाकाला आहे की नाही हे तिच्या हाकेवरून ओळखायचं. मागचीचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर, कधी त्याहूनही जवळ.

वारा डावीकडून येत असेल तर आडोसा उजवीकडे मागे तयार होतो. शहाणी लीड-आउट मग उजव्या कठड्याला अशी खेटून जाते की आडोशात फक्त तिच्याच संघातली मावेल. वारा समोरून असेल तर उशिरा सोडायचं, पाठीवर असेल तर लवकर. रेषा सव्वादोनशे-दोनशे मीटरवर आली की ती बाजूला सरते, तेही आपली ओळ न मोडता, नाहीतर पंच दंड करतात. तिचं काम इथे संपतं. मग ती पायडल मारायचं थांबवते आणि विसावी किंवा तिसावी येते.

ही कला महिलांच्या शर्यतीत उशिरा रुजली याचं कारण अंगात कमी आणि पगारपत्रकात जास्त शोधावं. महिलांची ‘वर्ल्ड टूर’ सुरू झाली २०१६ साली. वरच्या श्रेणीच्या संघांना किमान पगाराची सक्ती झाली २०२० साली, आणि तो किमान पगार होता वर्षाला १५ हजार युरो. २०२३ पर्यंत तो ३२ हजारांच्या वर गेला. त्याआधी अनेकजणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून शर्यती करायच्या. स्वतःचा निकाल हेच पुढच्या वर्षीच्या कराराचं तारण असेल तर दुसरीसाठी तिसावी येण्याचा सल्ला देणं सोपं, ऐकणं अवघड. संघही लहान असत. २०२२ च्या ‘टूर द फ्रान्स फाम’मध्ये प्रत्येक संघात सहाच जणी होत्या, पुढच्या वर्षी सात झाल्या. सहा जणींत एक डोंगरावरची नायिका, एक स्प्रिंटर, पाण्याच्या बाटल्या आणायला कुणीतरी, आणि वर आगगाडीही? ओढाताण व्हायचीच.

गाडीत बसलेली प्रत्येकजण मात्र आयुष्यभर डबा होऊन राहत नाही. २०२२ मध्ये डीएसएम संघात वीबेससाठी लीड-आउटचं काम शार्लोट कोल करत होती. पुढच्या मोसमात वीबेस एसडी वर्क्समध्ये गेली, डीएसएमची स्प्रिंटर म्हणून कोल पुढे आली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये यूएई टूरच्या पहिल्याच टप्प्यात तिने वीबेसला हरवलं. महिनोन्‌महिने जिच्यासाठी वारा कापला ती कुठे वेग धरते, कुठे थबकते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ऑगस्ट २०२४ मध्ये टूर द फ्रान्स फामचा पहिला टप्पा हेगमध्ये संपला तेव्हा ऐन स्प्रिंटमध्ये वीबेसच्या सायकलचा मागचा डिरेलर मोडला आणि कोल जिंकली. दैव म्हणून सोडून देता आलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी रॉटरडॅममध्ये सायकल धड होती, तरी कोल पहिली आणि वीबेस दुसरी.

एका संघात दोघी तुल्यबळ असल्या की वेगळाच पेच. मार्च २०२३ च्या ‘स्त्रादे बियांके’ शर्यतीत एसडी वर्क्सच्याच डेमी फोलरिंग आणि कोपेकी सिएनाच्या चौकात एकमेकींशी भिडल्या आणि निर्णय छायाचित्रावरून फोलरिंगच्या बाजूने लागला. विजय संघाचाच होता, मग भांडायचं कशाला, असं म्हणणारे होते. पण दोघींनी आधी वाटाघाटी करून रेषा ओलांडली असती तर ती शर्यत कुणी आठवली असती का?

त्याच संघाला हा पेच पुढच्या वर्षी महागात पडला. १५ ऑगस्ट २०२४, टूर द फ्रान्स फाम, आम्नेव्हिलला संपणारा पाचवा टप्पा. पिवळी, म्हणजे एकूण आघाडीची जर्सी घातलेली फोलरिंग साधारण सहा किलोमीटर बाकी असताना पडली. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलेल्यांना घोळक्याचीच वेळ मिळते, पण हे अंतर त्या सवलतीबाहेरचं. पुढे असलेल्या सहकारी तिच्यासाठी थांबल्या नाहीत. टप्पा जिंकला तोही एसडी वर्क्सच्याच ब्लांका वाशने. फोलरिंगची जवळपास पावणेदोन मिनिटं गेली आणि पिवळी जर्सी पोलंडच्या कासिया न्येवियादोमाकडे. तीन दिवसांनी आल्प द्युएझचा शेवटचा टप्पा फोलरिंगने जिंकला, आणि संपूर्ण शर्यत ती ४ सेकंदांनी हरली. आठ टप्पे, नऊशेहून अधिक किलोमीटर, आणि ४ सेकंद. वाशचा आनंद खोटा नव्हता आणि फोलरिंगचा संतापही. चूक त्या क्षणी, त्या वेगात, संघाच्या मोटारीतून नेमकी कुणी सुधारायला हवी होती यावर तेव्हा बराच गदारोळ झाला.

संघच नसेल तर काय होतं? त्याच महिन्यात पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, ४ ऑगस्टला, मारियाना फोस आणि वाश पुढे निघाल्या होत्या. मागून अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर आणि कोपेकी त्यांना येऊन मिळाल्या. साधारण तीन किलोमीटर उरलेले, चौघी, आणि एकीकडेही ओढायला सोबतीण नाही. चौघींत फोस आणि कोपेकी स्प्रिंटमध्ये नावाजलेल्या. त्यांना चाकामागे बसवून रेषेपर्यंत नेणं म्हणजे पदक त्यांच्या हातात ठेवण्यासारखं. फॉकनर घोळक्यात मिसळतेय न मिसळतेय तोच पुढे सुटली. उरलेल्या तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पाठलाग करणारीची ताकद जाणार आणि मागचीची वाचणार, हे तिघींनाही पाठ होतं. व्हिया रोमावर कोपेकी पुढे आली ती तिच्या मागे तिच्या संघातली होती म्हणून. इथे संघ देशांचे होते, आणि वाश धरून तिच्या मागे दोन परक्या होत्या. फॉकनर ५८ सेकंदांनी जिंकली. ट्रायथलॉनमध्ये लक्ष घालण्यासाठी एका सहकारी खेळाडूने रोड शर्यतीतली जागा सोडली होती, त्या जागेवर ती आली होती. फोसला रौप्य मिळालं, कोपेकीला कांस्य, वाश चौथी.

पुढच्या लेखांकात टोकियो. नेदरलँड्सच्या चौघी जगातल्या सर्वोत्तम, कानात रेडिओ नाही, आणि पुढे एक ऑस्ट्रियन गणितज्ञ निघून गेली आहे याचा विसर पडलेला घोळका.