अंगावर बाळगायचं फुप्फुस : काम कुठवर आलं आहे?

परवा वस्तीतल्या एका आईने मला थांबवलं. म्हणाली, “ताई, परदेशात कृत्रिम फुप्फुस निघालंय म्हणे. माझ्या पोराला बसवता येईल का?” तिचा पाच वर्षांचा मुलगा ऑक्सिजनवर आहे. ‘हो’ म्हटलं तर खोटं, आणि नुसतं ‘नाही’ म्हणवत नव्हतं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी एक गैरसमज. व्हेंटिलेटर म्हणजे कृत्रिम फुप्फुस नव्हे. तो लोहाराच्या भात्यासारखा हवा आत ढकलतो. हवेतला ऑक्सिजन रक्तात घेणं आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं, हे खरं काम फुप्फुसातल्या बारीक फुग्यांनाच करावं लागतं. ते फुगेच पाण्याने भरले किंवा कडक झाले, तर भाता कितीही जोरात चालवा, उपयोग नाही.

तेव्हा एक्मो नावाचं यंत्र लावतात. जाड नळीतून रक्त शरीराबाहेर काढतात आणि केसासारख्या बारीक, पोकळ प्लॅस्टिकच्या हजारो धाग्यांभोवतून फिरवतात. धाग्याच्या आत ऑक्सिजन, बाहेर रक्त. धाग्याच्या भिंतीतून वायू आरपार जातो, रक्त जात नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी या यंत्रावर एक नवजात मुलगी वाचवली. आईच्या पोटात असतानाच केलेली शी तिच्या श्वासात गेली होती. आई तिला सोडून गेली होती, म्हणून नर्सेसनीच तिचं नाव ठेवलं : एस्पेरान्सा. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ आशा. (नाव ठेवणाऱ्या नर्सेस होत्या, हे मला फार आवडतं.) पण लक्षात घ्या, तिला यंत्राने बरं केलं नाही. यंत्राने वेळ दिला, फुप्फुस आपणहून बरं झालं.

ज्या मुलांचं फुप्फुस पुन्हा बरं होणारच नाही, त्यांची अडचण वेगळी. त्यांना प्रत्यारोपणाची वाट पाहावी लागते, कधी कित्येक महिने. इतके दिवस खाटेला खिळलेल्या मुलाचे स्नायू गळून जातात, आणि अशा अशक्त मुलाला मोठं ऑपरेशन झेपणं कठीण. म्हणून यंत्रच इतकं लहान करायचं की मूल ते अंगावर घेऊन उठेल, चालेल, जेवेल. अमेरिकेत पिट्सबर्गला विल्यम फेडरस्पील, कार्नेगी मेलन विद्यापीठात कीथ कुक आणि मिशिगन विद्यापीठातले संशोधक यासाठी काम करत आहेत. एका पद्धतीत पंप आणि धागे एकाच छोट्या डबीत बसवतात. दुसरीत पंपच नसतो, मुलाचं हृदयच रक्त डबीतून ढकलतं. मेंढ्यांवर चाचण्या झाल्या आहेत.

मग अडलंय कुठे? मुख्य म्हणजे रक्तात. प्लॅस्टिकला लागलं की रक्त गोठतं आणि धागे तुंबतात. गोठू नये म्हणून हेपारिन द्यावं, तर दुसरीकडे रक्तस्रावाची भीती. हेपारिनवरच्या पेशंटची साधी सुईची जागासुद्धा किती वेळ दाबून धरावी लागते, ते वॉर्डात काम केलेल्यांना विचारा. त्यात मुलाच्या अंगात रक्त ते किती! किलोमागे साधारण ८० मिलिलिटर, म्हणजे दहा किलोच्या बाळात ८०० मिलिलिटर, पाण्याची एक लिटरची बाटलीसुद्धा भरत नाही. त्यामुळे डबी आणि नळ्यांत जितकं कमी रक्त मावेल तितकं बरं. शिवाय मूल वाढतं, लोळतं, नळी ओढतं.

तेव्हा मुलाला लावून घरी नेता येईल असं फुप्फुस आज विकत मिळत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, दागिने गहाण ठेवू नका.

मूल व्हेंटिलेटरवर किंवा एक्मोवर असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : “फुप्फुस बरं होईल म्हणून वेळ काढताय, की प्रत्यारोपणाची वाट बघताय?” उत्तर दुसरं असेल तर पुढचा प्रश्न : “नोंदणी झाली का?” आपल्याकडे ही नोंद विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे रुग्णालयामार्फत होते. त्या आईने पहिला प्रश्न विचारला. उत्तर मिळालं की फुप्फुस सुधारतंय, ऑक्सिजन हळूहळू कमी करणार आहेत. दुसरा प्रश्न लिहिलेला कागद तिने तसाच घडी करून ठेवला आहे.