गाडी अडखळते? आधी प्लग पाहा

कापडाचे तागे पोचवायचे असोत की उधारीची वसुली, आम्हा व्यापाऱ्यांची निम्मी दुकानदारी मोटारसायकलवर चालते. गाडी अडखळू लागली, की पुष्कळ बंधू थेट इंजिन उघडायला देतात आणि नाहक मोठा खर्च ओढवून घेतात. आमचे सांगणे असे, की स्वस्त तपासणी अव्वल, महाग नंतर.

कार्बुरेटरच्या गाडीत पहिल्यांदा पेट्रोल पाहावे. काही अंतर जाऊन गाडी बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा चालते, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असते. पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी उतरले असेल, तर इंजिन थंड झाल्यावर कार्बुरेटरची वाटी रिकामी करावी. जवळ विडी-काडी नको.

मग प्लग काढावा. इंजिनची नाडी तिथेच कळते. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक ओढलेला राहिला का, एअर फिल्टर धुळीने भरला का, ते पाहावे. टोक पांढरे पडले तर बहुधा पेट्रोल कमी पोचते. टोक तेलकट काळे आणि सायलेन्सरमधून निळा धूर, तेव्हाच पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलची शंका घ्यावी.

2020 मध्ये बीएस-6 नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले. त्यांत मीटरवरचा इंजिनचा दिवा पेटून राहिला, तर यंत्र लावून दोष वाचून घ्यावा.

कारागिराकडे जाताना जुना प्लग सोबत न्यावा. दुखणे नेमके सांगता आले, तर बिलही नेमकेच येते.