विखुरलेलं जाळं, भाग ७ : निघताना काय बरोबर येतं?

ब्लूस्काय हे समाजमाध्यम या आठवड्यात घ्यायचं कबूल केलं होतं, ते पुढे ढकलतो. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून एक प्रश्न आला आहे आणि तो मला बाजूला ठेववत नाही. फळ मार्केटमध्ये गाळा असलेल्या एका वाचकांनी मागचा भाग वाचून मास्टोडॉनवर, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांच्या समाजमाध्यमावर, खातं उघडलं, आंब्याच्या पेट्यांचे फोटो टाकले आणि लगेच विचारलं: सर्व्हर चालवणाऱ्याला मी ओळखत नाही, उद्या त्याने तो बंद केला तर माझी माणसं मला कुठे शोधणार?

नवं माध्यम बघताना आपण आत शिरणं किती सोपं आहे तेवढंच बघतो. खातं पटकन उघडलं का, मराठी नीट उमटते का, ओळखीचं कुणी आहे का. या वाचकांनी आधी बाहेर पडायची वाट विचारली. माझ्या मते विकेंद्रित म्हणवणारं कुठलंही माध्यम पारखायचं तर हाच प्रश्न पहिला विचारावा.

एपीएमसीतल्या माणसाला तो सुचावा यात नवल नाही. फळं आणि भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ साली मुंबईतून इथे आला. क्रॉफर्ड मार्केट आणि भायखळा सोडून वाशी-तुर्भ्याला जाणं कितीतरी व्यापाऱ्यांच्या जिवावर आलं होतं. जागा बदलली, पण देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराचा पेटीवरचा मार्का कुठल्याच मार्केटच्या मालकीचा नव्हता. आडत्याने नवा गाळा कळवला की माल तिकडे जायचा, विक्रीची पट्टी बागायतदाराच्याच नावाने निघायची. नाव आणि माणसं बरोबर आली, म्हणून धंदा उभा राहिला.

आता हेच व्हॉट्सॲपला लावून बघा. रोजची आवक, भाव, पेट्यांचे फोटो, सगळं ग्रुपवर चालतं. तुमचं व्हॉट्सॲपचं खातं काही कारणाने बंद झालं तर ग्रुपही जातात आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीकडे ते उचलून नेता येत नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र अनेकांना आठवत असेल. नऊच्या सुमाराला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम बंद पडली आणि सुमारे सहा तास बंदच राहिली. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची डेटा सेंटरं जाळ्यापासून तुटली, आणि तिचा पत्ता जगाला सांगणारे सर्व्हरच इंटरनेटवरून दिसेनासे झाले. आपल्याकडे ते तास मध्यरात्रीचे, म्हणजे भाजीपाला मार्केटला गाड्या लागण्याचे. बाकीचं इंटरनेट त्या वेळी व्यवस्थित चालू होतं, ईमेल जात होत्या. एका कंपनीच्या चुकीने कोट्यवधी लोकांचं बोलणं थांबलं, कारण ते सगळं एकाच कंपनीच्या हाती होतं.

मास्टोडॉनवर एक सर्व्हर पडला तर बाकीचे चालू राहतात, हे मागेच सांगून झालं. पण तुमचाच पडला तर? तो नीट, सांगून बंद होणार असेल तर उत्तर बरंच दिलासादायक आहे. दुसऱ्या सर्व्हरवर नवं खातं उघडायचं, तिथे जुन्या खात्याची नोंद करायची, मग जुन्या खात्यात जाऊन ‘हलवा’ म्हणायचं. तुमचे फॉलोअर आपोआप नव्या पत्त्याकडे वळतात. मी हे करून पाहिलं आहे. एकेक नाव नव्या खात्यावर येताना बघून फार आनंद झाला होता. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी फाइलमध्ये उतरवून नेता येते. पोस्ट मात्र येत नाहीत. त्यांची प्रत उतरवून जवळ ठेवता येते, पण ती नव्या खात्यावर चढत नाही. ही उणीव मला मोठी वाटते, विशेषतः ज्याने वर्षानुवर्षं तिथे लिहिलं आहे त्याच्यासाठी.

यातली मेख अशी की हलायचं तेव्हा जुना सर्व्हर जिवंत हवा. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरचालकाला बंद करण्याआधी किमान ३ महिने सूचना देण्याचं आणि रोज बॅकअप घेण्याचं वचन द्यावं लागतं. पण वचन देणाऱ्याच्या हातात सगळंच नसतं. क्विअर डॉट एएफ नावाचा एक सर्व्हर होता. ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचं डोमेन. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारच्या मंत्रालयाने ते नाव स्थगित केलं. सर्व्हरचं यंत्र शाबूत, पण त्याचा पत्ताच काढून घेतला.

म्हणून गाळेवाल्या वाचकांना तीन गोष्टी सांगतो. सर्व्हर निवडताना तो कोण चालवतो, खर्च कुठून भागवतो आणि डोमेन कुठल्या देशाचं आहे, एवढं वाचा. याद्यांची फाइल आजच उतरवून घ्या, गरज पडेल त्या दिवशी ती मिळेलच असं नाही. आणि पेढीच्या नावाचं स्वतःचं डोमेन घ्या. त्यावर साधं एक पान ठेवून आपण सध्या कुठे सापडू ते लिहा. मार्का तुमच्याकडे राहील.

व्हॉट्सॲप मात्र सोडू नका. तुमचं गिऱ्हाईक आज तिथे आहे, आणि गिऱ्हाईक नसलेल्या ठिकाणी भाव टाकून पोट भरत नाही. शिवाय मास्टोडॉनवरचे खासगी निरोप व्हॉट्सॲपसारखे कुलूपबंद नसतात, सर्व्हरचालकाला ते वाचता येऊ शकतात. उधारीचा हिशेब तिथे मुळीच लिहू नका. आजची आवक, मालाचा फोटो, गाळा नंबर, जे चारचौघांत सांगायचं तेवढंच तिथे.

पोस्टसकट खातं हलवायची सोय ब्लूस्कायच्या रचनेत सुरुवातीपासून आहे. मात्र तिथल्या बहुतेक खात्यांची ओळख एकाच मध्यवर्ती नोंदवहीत लिहिलेली असते. ती नोंदवही कशी चालते, ते पुढच्या आठवड्यात.